लाकडी टेबलाच्या पायालाही तळखडा हवा

जुळे सोलापुरातील एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या बंगल्याच्या गॅरेजसाठी गेल्या वर्षी तीन वस्तू स्वतःच्या हाताने केल्या: यंत्रांच्या खोक्यांतून निघालेल्या पाइनच्या लाकडाचे सहा फुटी कामाचे टेबल, जुन्या घराच्या सागवानी चौकटी फाडून केलेली मांडणी आणि एक उंच स्टूल. वर्ष उलटण्याच्या आत टेबलाचे पाय खालून चार बोटे काळे पडले, मांडणीच्या पायांखाली ठोकलेल्या लोखंडी चकत्यांनी शहाबादी फरशीवर गंजाचे गोल उमटवले आणि स्टूल सरकवून सरकवून मागच्या बाजूच्या व्हिट्रिफाइड टाइलवर चरे पडले. या पायांना रबरी बूट घालावेत, पत्र्याच्या टोप्या बसवाव्यात, की नुसता ऑइलपेंट मारला तरी भागेल, असे त्यांनी विचारले आहे. मी २९ वर्षे सुतारकाम करतो आहे आणि या तिन्ही गोष्टी कधी ना कधी करून पाहिल्या आहेत.

तिन्हींबाबत माझे उत्तर नकारार्थी आहे. आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या वाड्यात जाऊन खांबाचा तळ पाहावा. लाकडी खांब जमिनीवर कधीच टेकलेला नसतो. त्याच्याखाली घडीव दगडाचा तळखडा असतो आणि तो आजूबाजूच्या फरशीपेक्षा उंच असतो. ओटी रोज धुतली, अंगणातून पावसाचे पाणी आत आले, तरी लाकूड कोरडे राही, आणि चुकून भिजले तरी चारही बाजूंनी वारा लागून सुकत असे. त्या सुतारांनी खांबाला पायमोजा घातला नाही, त्याला बैठक दिली. आपल्या टेबलालाही तेच हवे आहे. पायाला काय गुंडाळावे हा प्रश्न बाजूला ठेवून पाय कशावर उभा करावा हे ठरवले, तर पाय आणि फरशी दोन्हींची काळजी एकाच कामात घेतली जाते.

पाय नेमका खालूनच का कुजतो, हे समजल्याशिवाय उपाय पटणार नाही. झाड जिवंत असताना मुळांकडून शेंड्याकडे पाणी नेणाऱ्या बारीक नळ्याच सुकल्यावर लाकडाच्या उभ्या रेषा म्हणून दिसतात. कडब्याची पेंढी पाण्यात उभी केली की धाटे तळाकडून पाणी ओढतात, तसेच पायाच्या आडव्या कापलेल्या तळात या सगळ्या नळ्यांची तोंडे उघडी असतात. पायाची रंधलेली उभी बाजू जेवढे पाणी पिते, त्याच्या कितीतरी पट पाणी हा तळ पितो. फरशीवर केवळ ओल असली तरी ती वर चढते, आणि तळ फरशीला चिकटून असल्यामुळे तिला सुकायला वाट नसते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. त्याच्या बराच वर जाऊन तो तिथेच टिकला, की बुरशीचे काम सुरू होते.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर असतो, मग लाकूड कुजेल कसे, असे अनेक जण विचारतात. कुजवणारे पाणी आकाशातून येतेच असे नाही. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाणी येते त्या दिवशी गॅरेजमधले पिंप भरायला लावले जाते, ते ओसंडते आणि पाणी टेबलाखालून वाहत जाते. दुचाकी तिथेच धुतली जाते. सप्टेंबरच्या जोरदार सरींचे पाणी शटरच्या फटीतून आत शिरते. यांखेरीज चौथी वाट जमिनीतून येते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि कोब्याखाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला नसेल, तर ती ओल कोब्यातून हळूहळू वर येते. आपल्या गॅरेजात असे होते का, हे सहज तपासता येते. दीड फूट चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा कोरड्या फरशीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद कराव्यात आणि एक दिवस व एक रात्र तसाच राहू द्यावा. उचलल्यावर आतून दवबिंदू दिसले किंवा फरशी गडद झालेली दिसली, तर ओल खालून येते आहे. ही परीक्षा पावसाळ्याच्या अखेरीस करावी. मे महिन्यात केली तर ती खोटा दिलासा देईल.

आता रबरी बूट आणि पत्र्याच्या टोप्या. माझ्या स्वतःच्या कारखान्यातील पहिल्या टेबलाला मी मोठ्या हौसेने जाड पत्र्याच्या चौकोनी टोप्या करून घेतल्या होत्या. बाहेरून ते पाय फार रुबाबदार दिसत. दुसऱ्या पावसाळ्यानंतर टेबल हलवताना एक टोपी जागीच राहिली आणि पाय वर आला. टोपीच्या आत जे उरले होते त्यात पेचकस भिजलेल्या भाकरीत शिरावा तसा दोन इंच आत गेला. लाकूड आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून पाणी उतरते, पण परत वर येत नाही. टोपी ही पाण्याची वाटी होते. रबरी बुटाचेही तेच. त्यात आणखी एक अडचण अशी, की लाकूड ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते. तीन इंची पायाच्या रुंदीत कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत आणि ओल्या सप्टेंबरात सुमारे एक मिलिमीटरचा फरक पडू शकतो. पावसाळ्यात घट्ट बसवलेला बूट उन्हाळ्यात सैल होऊन निघतो आणि उन्हाळ्यात घट्ट बसवलेला बूट पावसाळ्यात फाटतो. लांबीत मात्र हा फरक नगण्य असतो, म्हणून टेबलाची उंची बदलत नाही. ऑइलपेंट हा बाजूंसाठी ठीक आहे. पण तळावर एक हात मारला तर नळ्या तो पिऊन टाकतात, आणि दोन हात मारले तरी टेबल पहिल्यांदा ओढले की खरखरीत कोब्यावर तो खरवडून निघतो.

काही जण पायांना जळके इंजिन ऑइल चोपडतात, आणि वाळवी येऊ नये म्हणून तसे करा असा सल्ला देणारे शेजारी प्रत्येक गल्लीत असतात. ते तेल कोब्यात मुरून कायमचा डाग पाडते, धूळ धरते आणि हाताला लागणे आरोग्याला चांगले नाही. त्या लाकडावर पुढे कोणताही लेप अथवा गोंद धरत नाही, हा सुताराच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा दोष.

कामाची सुरुवात काळ्या पडलेल्या पायांपासून करावी. टेबल उलटे करून प्रत्येक तळ पेचकसाच्या टोकाने दाबून पाहावा. टोक रुतले नाही आणि फक्त रंग काळा असेल, तर लाकूड अजून धड आहे. रुतत असेल, तर करकरीत लाकूड लागेपर्यंत पाय कापावा, आणि एक पाय जितका कापावा लागेल तितकेच चारही कापावेत. कमी झालेली उंची आपण बैठकीने भरून काढणार आहोत. चारही पाय एका पातळीत कापण्यासाठी पट्टीने मापे घेण्यापेक्षा एक सोपी रीत आहे. टेबल सरळ करून एका सपाट फळीवर किंवा चांगल्या टाइलवर ठेवावे, डुगडुगत असेल तिथे पाचर देऊन माथा पाणसळीने समतल करावा, आणि हव्या त्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून तो ठोकळा प्रत्येक पायाभोवती फिरवावा. चारही पायांवर चारही बाजूंनी एकाच पातळीतली रेघ उमटते. त्या रेघेवर बारीक दातांच्या करवतीने कापावे आणि तळाच्या चारही कडा पटाशीने किंवा कानशीने चार मिलिमीटर तिरक्या मारून घ्याव्यात. ही तिरकी कड दुर्लक्षित राहते. पण टेबल ओढताना फरशीच्या सांध्यात अडकून पायाची कपची उडते ती नेहमी धारदार कडेवरूनच.

यानंतर लाकूड सुकू द्यावे लागते, आणि इथे घाई करू नये. ओल आत असताना वरून लेप लावला, तर बुरशीला आपण झाकण लावून दिले असे होते. टेबल उलटे, तळ वर करून, वाऱ्याच्या जागी दोन-तीन आठवडे ठेवावे. हे काम मी गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, म्हणजे जानेवारीत, करायला सांगतो. हवा कोरडी असते आणि ऊन लाकूड तडकवण्याइतके कडक नसते. खोक्यांच्या पाइनवर ‘एचटी’ असा छाप असेल, तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमानावर किमान ३० मिनिटे तापवलेले असते. त्याने आतली कीड मरते, परंतु पुढे येणाऱ्या वाळवीपासून किंवा बुरशीपासून काहीच संरक्षण मिळत नाही. पुष्कळ लोक तो छाप पाहून निर्धास्त होतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

तळ बंद करण्यासाठी दोन भागांचा एपॉक्सी, म्हणजे दोन द्रव एकत्र मिसळल्यावर कडक होणारा लेप, वापरावा; दोन्ही भागांचे प्रमाण डब्यावर दिलेले असते, ते अंदाजाने घेऊ नये. साधा पांढरा फर्निचरचा गोंद पाण्याने मऊ पडतो आणि चपडीचे पॉलिश पाण्याने पांढरे होते, म्हणून ही दोन्ही इथे कामाची नाहीत. टेबल उलटे असतानाच प्रत्येक पायाच्या टोकाभोवती रुंद चिकटपट्टी अशी गुंडाळावी, की तिची कड तळाच्या पाच मिलिमीटर वर राहील. तळावर एक उथळ थाळी तयार होते. तीत पातळ एपॉक्सी ओतून ब्रशने चोळावा आणि वीस मिनिटे लक्ष ठेवावे. पाइनचा तळ पाहता पाहता कोरडा दिसू लागतो, कारण नळ्या एपॉक्सी ओढून घेत असतात. त्या प्यायच्या थांबेपर्यंत थोडा थोडा ओतत राहावा. हे काम संध्याकाळी करावे. सकाळी लाकूड तापत जाते, नळ्यांतली हवा प्रसरण पावते आणि लेपात बुडबुडे उठतात. संध्याकाळी लाकूड थंड होत असताना तीच हवा आकसते आणि लेप आत खेचला जातो. बैठकीच्या स्क्रूसाठी भोके पाडायची असतील तर ती आधीच पाडावीत, म्हणजे भोकांच्या आतही एपॉक्सी जाईल. लेपानंतर भोक पाडणे म्हणजे बुजवलेल्या घागरीला पुन्हा छिद्र पाडणे. पायांच्या बाजूंना खालून सहा इंचांपर्यंत त्याच एपॉक्सीचा एक पातळ हात देऊन वर हवा तो रंग द्यावा.

बैठकीसाठी माझी पहिली पसंती एचडीपीई या कडक प्लास्टिकला आहे. त्याच्या जाड पाट्या मिळतात, आणि शोधूनही मिळाली नाही तर स्वयंपाकघरातला भाजी चिरण्याचा जाड पांढरा प्लास्टिकचा पाट हा बहुधा त्याच जातीचा असतो. हे प्लास्टिक पाणी पीत नाही, पेट्रोल व ऑइलने सहसा बिघडत नाही, फरशीवर सहज सरकते आणि साध्या करवतीने कापता येते. मात्र त्याला कोणताही नेहमीचा गोंद धरत नाही, म्हणून ते स्क्रूनेच बसवावे लागते. पाय तीन इंची असेल, तर बैठक अडीच इंचांची, म्हणजे चारही बाजूंनी पाव इंच आत, अशी कापावी. यामागे पाण्याचा विचार आहे. बैठक पायापेक्षा मोठी असेल तर पायावरून ओघळलेले पाणी तिच्या कडेवर थांबून तळात शिरते. लहान असेल तर थेंब पायाच्या कडेवरून थेट फरशीवर पडतो. जाडी १२ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी; २० असेल तर उत्तम, कारण फरशी धुताना पाण्याचा पातळ थर सहसा त्याच्या खालीच राहतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. उभ्या रेषांच्या टोकात स्क्रूची पकड कमी असते, म्हणून ते निदान दोन इंच लाकडात जातील असे लांब असावेत आणि त्यांची डोकी प्लास्टिकमध्ये चार-पाच मिलिमीटर खोल बसवावीत. बैठक झिजत गेली, की हे डोके एक दिवस फरशीला लागते आणि एकाच ओढीत टाइलवर पांढरी रेघ मारते.

ज्यांचे टेबल कायम एकाच जागी राहणार आहे, त्यांनी कडाप्प्याचे तुकडे वापरले तरी चालतील. फरशीच्या वखारीत चार इंची काप कचऱ्यात पडलेले असतात. दगड फरशीवर ठेवून त्याच्यावर लहान प्लास्टिकची बैठक आणि मग पाय, असा क्रम ठेवावा, म्हणजे दगडातून येणारी थोडी ओलही लाकडापर्यंत पोहोचत नाही. टायरच्या पट्ट्या मात्र हलक्या रंगाच्या टाइलवर ठेवू नयेत. टायरच्या रबरातील द्रव्ये हळूहळू बाहेर झिरपतात आणि तपकिरी डाग पाडतात; एका गिऱ्हाइकाच्या क्रीम रंगाच्या टाइलवर माझ्याच हातून असे चार चौकोन पडले आणि ते कशानेही निघाले नाहीत. शिवाय साधे रबर पेट्रोल व ऑइल यांनी फुगते. फेल्टच्या गोल टिकल्या दिवाणखान्यातील खुर्च्यांसाठी आहेत. गॅरेजमध्ये त्या पाणी शोषतात, त्यांत खडे रुततात आणि ती टिकली पॉलिश पेपरसारखी टाइल घासू लागते.

आता उताराचा विचार करू. पाणी बाहेर जावे म्हणून गॅरेजची फरशी शटरकडे उतरती असते. शंभरात एक इतका सौम्य उतार असला, तरी सहा फुटी टेबल त्या दिशेने ठेवल्यास दोन टोकांत सुमारे १८ मिलिमीटर फरक पडतो. लोक एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारतात, आणि तो पुठ्ठा पाणी पिऊन पायालाच पाजतो. त्यापेक्षा शटरकडच्या दोन पायांना जाड बैठका द्याव्यात, किंवा चारही पायांत टी-नट, म्हणजे लाकडात ठोकून बसवायचे आतून आटे असलेले नट, बसवून खालून १२ मिलिमीटर जाडीचे स्टेनलेस बोल्ट घालावेत. या बोल्टच्या नेहमीच्या आट्यांत एका पूर्ण फेऱ्याला पावणेदोन मिलिमीटर उंची मिळते, त्यामुळे पाणसळ पाहत पाहत टेबल नेमके बसवता येते. बोल्टचे डोके फरशीवर थेट टेकवू नये. प्लास्टिकच्या चकतीत डोक्याएवढी खाच करून त्यात ते बसवावे.

टेबल चारही पायांवर नीट टेकणे हे फरशीसाठीही महत्त्वाचे आहे. टेबल, शेगडा (वस्तू घट्ट पकडण्याचा वाइस) आणि ग्राइंडर मिळून २०० किलो धरले, तर प्रत्येक पायावर ५० किलो येतात. अडीच इंची चौरस बैठकीवर हा भार दर चौरस सेंटिमीटरला सव्वा किलोच्या आसपास पडतो. तेच वजन दोन सेंटिमीटर व्यासाच्या लोखंडी चकतीवर आले, की तो आकडा सोळा किलोंच्या घरात जातो. आणि टेबल डुगडुगत दोनच पायांवर उभे असेल, तर त्याच्याही दुप्पट. चांगला कोबा हे सहज सोसतो. पण टाइलखाली माल नीट भरलेला नसेल आणि जागा पोकळ असेल, तर कोपरा तिथेच तुटतो. टेबलाची जागा ठरवण्यापूर्वी नाण्याने टाइल वाजवून पाहावी. बद्द आवाज आला, तर पाय तिथे ठेवू नये.

सागवानी मांडणीचा प्रश्न वेगळा आहे. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडले की काळी शाई होते, हे जुन्या लोकांना ठाऊक होते. सागवानातही तशीच तुरट द्रव्ये थोडीफार असतात, त्यामुळे ओल्या लाकडात लोखंडी खिळा बसला की त्याच्याभोवती निळसर काळे वलय उठते, आणि खाली फरशीवर गंज उतरतो. त्या चकत्या उपटून काढाव्यात, भोके एपॉक्सीने भरावीत आणि वर सांगितलेल्या बैठका द्याव्यात. फरशीवरचे गंजाचे गोल काढण्यासाठी संडास साफ करण्याचे ॲसिड कदापि ओतू नये. शहाबादी आणि कडाप्पा हे दोन्ही चुन्याचे दगड आहेत. ॲसिड त्यांना फेस आणून खाते आणि गंजाच्या तांबड्या गोलाच्या जागी कायमचा पांढरा खड्डा उरतो. त्याच कारणाने इन्व्हर्टरची बॅटरी त्या मांडणीच्या खालच्या फळीवर ठेवताना खाली प्लास्टिकचा ट्रे हवा. डाग जुना असेल, तर पॉलिश करणाऱ्याकडून तेवढी जागा घासून घेणे हाच खरा उपाय.

वाळवी जमिनीतून, बहुधा फरशीच्या सांध्यातून, वर येते आणि उजेड टाळण्यासाठी मातीची नळी बांधत चढते. बैठकीने ती थांबत नाही. परंतु पाय फरशीपासून २० मिलिमीटर उचललेला असला आणि मागे भिंतीपासून मांडणी दोन बोटे पुढे ठेवली, की ती नळी लपून बांधता येत नाही आणि झाडताना दिसते. मांडणी उंच असल्यामुळे तिचा माथा भिंतीला एका कोनपट्टीने बांधावा. मात्र पायांत बोल्ट ठोकून ती फरशीला जखडू नये, कारण त्या भोकातून ओल आणि वाळवी दोन्ही वर येतात.

टेबलाला चाके लावावीत का, हेही त्यांनी जाता जाता विचारले आहे. रंधा मारायचा किंवा शेगड्यात काही पिळायचे असेल, तर ब्रेक लावलेली चाकेसुद्धा थोडी हलतात. त्या टेबलाला चाके नकोत. हलवायचेच असेल, तेव्हा दोघांनी उचलावे.

राहिले स्टूल. ते दिवसातून दहा वेळा सरकते, त्यामुळे तिथे ओलीपेक्षा घर्षणाचा प्रश्न मोठा आहे, आणि टाइलवरचे चरे स्टुलाच्या लाकडाने पडलेले नाहीत. तळात रुतलेल्या वाळूच्या कणांनी आणि ग्राइंडरच्या कणांनी पडले आहेत. पाय बाहेरच्या बाजूला कललेले असतील, तर तळ फरशीला समांतर कापून घ्यावा, नाही तर बैठक एका कडेवरच झिजते. प्लास्टिकच्या गोल बैठकीची खालची कड कानशीने गोल करावी, म्हणजे ती समोर आलेला कण अंगाखाली घेण्याऐवजी बाजूला ढकलते. महिन्यातून एकदा स्टूल उलटे करून बैठकांवर नख फिरवावे. काही टोचले, तर तो रुतलेला कण चाकूच्या टोकाने उकरून काढावा, आणि स्क्रूच्या डोक्यापासून फरशीपर्यंत दोन मिलिमीटरही अंतर उरले नसेल, तर त्याच दिवशी बैठक बदलावी.